नळीतला किडा की नळीतली गोगलगाय?

मागच्या मे महिन्यात मी चार दिवस सांगलीला गेलो होतो. परत येऊन कुलूप उघडलं तर घर गप्प. ज्यांच्या घरी समुद्री मासे आणि जिवंत प्रवाळ पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी आहे त्यांना ही शांतता ओळखू येईल. रिटर्न पंप, म्हणजे टाकीचं पाणी फिरवणारा पंप, अडकला होता, त्यामुळे पाणी थंड करणाऱ्या चिलरला पाणी पोचत नव्हतं, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात टाकी ३१ अंशांवर गेली होती. दोन मऊ प्रवाळ गेले. पंप खोलला तर आतल्या चक्रीवर पांढऱ्या नळ्यांचा खरखरीत थर, जुन्या भिंतीवर चुन्याचे पोपडे धरतात तसा.

तेव्हापासून मला सगळे विचारतात, 'औषध कोणतं टाकलंत?' औषधाचं शेवटी बोलू. आधी नळी कोणाची आहे ते बघा.

रात्री टाकीचे दिवे बंद झाले की टॉर्च घेऊन बसा. काचेवर एक-दोन मिलिमीटरची, जिलबीसारखी गुंडाळलेली पांढरी नळी दिसली तर तो स्पायरॉर्बिड. हा किडा पाण्यातले कण गाळून खातो, प्रवाळाला हात लावत नाही. नळीच्या तोंडाशी पिसांचा झुपका दिसला आणि तुमची सावली पडताच तो झटकन आत गेला, तर तोही किडाच, आणि टाकीत असलेला चांगला.

पण नळी खडकाला घट्ट चिकटलेली, तोंड वर आलेलं, पिसं नाहीत, आणि तोंडातून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे निघताहेत? मग तो किडा नाहीच. ती व्हर्मेटिड नावाची गोगलगाय आहे. तरुणपणी फिरते, मग एका जागी कायमचं घर बांधते. धाग्यांत अडकलेले कण ती धाग्यांसकट ओढून गिळते. तो चिकटा प्रवाळावर पडत राहिला की प्रवाळ मिटून बसतो. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरिया बेटावर याचा अभ्यास झाला. २०१० साली तो प्रसिद्ध झाला, आणि त्यात प्रवाळाची वाढ ८१ टक्क्यांपर्यंत घटलेली आढळली. लोक मात्र निरुपद्रवी किडे खरवडतात आणि हिला किडा समजून सोडून देतात.

गोगलगाईचा उपाय हातानेच. नळीचं तोंड पक्कडीने मोडायचं आणि वर सुपरग्लू जेलचा थेंब दाबायचा. हा गोंद पाण्यातही घट्ट होतो. पन्नास नळ्या असतील तर पन्नास थेंब, दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. हातमोजे घाला, त्या नळ्या ब्लेडसारख्या कापतात. बंबलबी गोगलगाय या नळ्या खाते असं म्हणतात. माझ्या चारही बंबलबींनी दुसरंच काहीतरी खाल्लं.

आता किडे वाढतात कशाने? तुमच्या हाताने. स्पायरॉर्बिड आपली अंडी जवळच उबवतो, आणि पिल्लं थोडा वेळच पोहून जवळपास चिकटतात. म्हणून पंपात एक आला की वर्षभरात वसाहत होते. पण वसाहतीला खायला लागतं. मी प्रवाळांसाठीची भुकटी रोज टाकायचो, शिवाय गोठवलेल्या कोळंबीची वडी तिच्या पाण्यासकट ओतायचो. आता वडी चहाच्या गाळणीत धुतो आणि भुकटी आठवड्यातून एकदाच. (गाळणी वेगळी आणली आहे, नाहीतर घरात राहणं कठीण होतं.) चार महिन्यांत काचेवरच्या नळ्या विरळ झाल्या.

पंपासाठी व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी. पंप टाकीतून काढून बादलीत अर्धा तास चालवायचा. नळ्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते आम्लात विरघळतं आणि बुडबुडे येतात. मग जुन्या टूथब्रशने घासून गोड्या पाण्याने धुवायचा. हे टाकीत करू नका, पाण्याचा पीएच कोसळेल. काचेवरच्या नळ्यांना जुनं एटीएम कार्ड पुरतं.

कॉपरबँड बटरफ्लाय मासा किडे खातो, खरं आहे. पण तो पिसांवाले चांगले किडेही खातो, आणि नव्या घरी आल्यावर बरेचदा उपाशी मरतो. किड्यांसाठी मासा मारणं मला पटत नाही.

आणि औषध. तांब्याचं औषध टाकलं तर किड्यांआधी प्रवाळ आणि कोळंबी जातील. जंतांवरचं फेनबेन्डाझोल किडे मारतं, पण काही मऊ प्रवाळ आणि गोगलगाईही त्यात जातात. शिवाय नळीत मेलेले शेकडो किडे कुजून अमोनिया वाढतो. टाकलेलं औषध परत पूर्णपणे काढणं कठीण असतं.

काही जण विचारतात, खडकच बाहेर काढून उकळला तर? अजिबात नको. खडकावर झोअँथिड जातीचे प्रवाळ असतील तर त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, आणि ते वाफेतून, शिंतोड्यांतून श्वासात जातं. असे खडक उकळून किंवा घासून घरची माणसं दवाखान्यात भरती झाल्याच्या नोंदी परदेशात आहेत. खडक रिकामा करायचाच असेल तर झोअँथिड असलेला तुकडा बाजूला ठेवा, बाकीचा काळोख्या ड्रममध्ये काही आठवडे राहू द्या. खायला काही नाही मिळालं की नळ्या आपोआप ओस पडतात.