पांढरी सावर आणि मातीतला स्ट्रेप्टोमायसीस

अमेरिका खंडाच्या उष्ण कटिबंधात आणि पश्चिम आफ्रिकेत पांढरी सावर ६० मीटरपर्यंत वाढते. स्ट्रेप्टोमायसीस या जिवाणूचा तंतू मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा जाड असतो. एवढी तफावत असूनही या दोघांची तुलना करण्याजोगी आहे, कारण दोघेही जिथे रुजतात तिथून हलू शकत नाहीत आणि टंचाईच्या काळातच आपली संतती दूर पाठवतात.

बहुतेक जिवाणू सुट्या पेशींच्या रूपात जगतात. स्ट्रेप्टोमायसीस मात्र फांद्या फुटणाऱ्या तंतूंचे जाळे मातीत पसरवतो. अन्न संपत आले की या जाळ्यातून काही तंतू हवेत उभे राहतात, आणि त्यांच्या वाढीसाठी जुने तंतू स्वतःच विघटित होतात. असे मोकळे झालेले अन्न इतर सूक्ष्मजीवांच्या हाती लागू नये म्हणूनच बहुधा याच सुमारास प्रतिजैविके तयार होत असावीत. क्षयरोगावरील पहिले परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये याच कुळातील एका जातीपासून मिळाले. ओल्या मातीतून वर येणे या तंतूंना सोपे नसते, कारण पाण्याचा पृष्ठताण त्यांना अडवतो; म्हणून ते पाणी झटकणाऱ्या प्रथिनांचे आवरण धारण करतात. नंतर त्यांचेच तुकडे होऊन बीजाणू बनतात.

सावरीचीही तऱ्हा अशीच आहे. कोरड्या ऋतूत तिची पाने गळतात आणि निष्पर्ण फांद्यांवर बोंडे उकलतात, त्यामुळे वाऱ्याला पानांचा अडथळा उरत नाही. बियांभोवतीचा कापूस आतून पोकळ आणि वरून मेणचट असतो. तो पाणी धरत नाही, म्हणूनच एके काळी जीवरक्षक जाकिटांत भरला जाई.

पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात, आणि मला हा फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो: पावसाबरोबर सावर पुन्हा पालवते, तर जिवाणूच्या मूळ जाळ्याचा मोठा भाग बीजाणूंसाठी खर्ची पडलेला असतो.

प्राण्यांची मदत दोघेही घेतात. सावरीची फुले संध्याकाळी उमलतात आणि वटवाघळे त्यांचे पराग नेतात. जिवाणूचे बीजाणू स्प्रिंगटेल नावाचे चिमुकले सहा पायांचे जीव अंगावरून आणि विष्ठेतून पसरवतात. पावसानंतरच्या मातीच्या वासातील जिओस्मिन हे रसायन त्यांना खेचून आणते, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले; आणि ज्या नियामक जनुकांच्या हुकमतीखाली बीजाणू घडतात, त्यांच्याच नियंत्रणात या वासाची निर्मितीही असते.