मोझार्टचा ए मायनर सोनाटा : डाव्या हाताकडे कान द्या

नमस्कार श्रोतेहो. मोझार्ट म्हटलं की गोड, हसरं, नीटनेटकं संगीत, असा आपला पक्का समज. तो बाजूला ठेवायला लावणारी रचना आज ऐकायची आहे : पियानो सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठीची अनेक भागांची रचना; ए मायनर, मोझार्टच्या रचनांच्या कोशेल यादीत क्रमांक ३१०. मोझार्टच्या अठरा पियानो सोनाट्यांपैकी मायनरमधले, म्हणजे कोमल गंधाराच्या गंभीर छटेतले, दोनच. त्यातला हा आधीचा.

हस्तलिखितावर स्थळकाळ एवढाच : पॅरिस, १७७८. मोझार्ट बावीस वर्षांचा, नोकरीच्या शोधात, सोबत आई. ३ जुलैला आई तिथंच वारली. त्याच रात्री त्यानं घरी, साल्झबर्गला, दोन पत्रं लिहिली. वडिलांना कळवलं, आई फार आजारी आहे. त्याच पत्रात आपल्या सिंफनीचं, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या रचनेचं, कसं कौतुक झालं आणि त्यानंतर आपण आइस्क्रीम कसं खाल्लं, हेही. खरी बातमी दुसऱ्या पत्रात, बुलिंगर या धर्मगुरू स्नेह्याला : वडिलांच्या मनाची तयारी करा.

त्यामुळे हा सोनाटा म्हणजे आईसाठीचा शोक, असं सर्रास सांगतात. मला ते फार सोपं वाटतं. वर्ष जुळलं म्हणून कारण जुळतंच असं नाही. शिवाय या सुरांत रडणं कमी, त्वेष जास्त आहे.

सुरुवातच बघा. पांढरी सहाचा सा धरा. उजवा हात पंचमावर येतो तो तीव्र मध्यमाचा कण घेऊन, आणि खाली डावा हात सा, कोमल गंधार, पंचम एकत्र ठोकत राहतो, मात्रेला दोनदा. कण त्या पंचमाला घासतो. ती घासणी कानाला बोचली पाहिजे. काही वादक ती गुळगुळीत करून टाकतात, तिथं सगळंच बिघडतं. पुढे सी मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधाराच्या उजळ छटेत, एक धावती, खेळकर ओळ येते. भागाच्या अखेरीस तीच ओळ पुन्हा भेटते, पण ए मायनरमध्ये. चाल तीच, मौज मात्र गेलेली. त्याआधी मध्यावर एकदम प्रचंड जोर, लगेच अगदी हळू, पुन्हा जोर. इतक्या टोकाच्या खुणा मोझार्ट क्वचितच लिहितो.

दुसरा भाग संथ, एफ मेजरमध्ये. गाणाऱ्याच्या गळ्यातून यावा असा. आता निवांत ऐकू म्हणाल, तर मध्येच तो मायनरकडे वळतो, खालून तीन-तीनच्या स्वरांचा लोंढा सुरू होतो आणि सूर एकमेकांवर आदळू लागतात. माझ्या मते सबंध सोनाट्यातली सर्वांत धाडसी जागा हीच.

तिसरा भाग प्रेस्टो. छोटा, द्रुत, आणि सुरुवातीला दबक्या आवाजात. मध्ये थोडा वेळ ए मेजर लागतो, खाली एक सूर तानपुऱ्यासारखा धरलेला. पण हा दिलासा टिकत नाही. मायनर परत येतो आणि शेवटही त्यातच, ठणठणीत.

आता पहिला भाग ऐकू या. पहिल्या मात्रेपासून लक्ष डाव्या हाताकडे असू द्या.