किनाऱ्यावर राहिलेले कपडे

(दृश्य: मायामी बीच. ओल्या वाळूच्या वर ठेवलेले कपडे. आवाज फक्त लाटांचा.)

२० नोव्हेंबर १९७४. अमेरिकेतल्या मायामी बीचवरचं फाँटनब्लू हॉटेल. एक पाहुणा पोहायला म्हणून समुद्रावर गेला. अंगावरचे कपडे किनाऱ्यावर ठेवून गेला. अंधार पडला तरी ते न्यायला कुणी आलं नाही.

पाहुण्याचं नाव जॉन स्टोनहाउस. वय ४९. ब्रिटनच्या संसदेत मजूर पक्षाचा खासदार आणि माजी मंत्री. १९६८ साली तो पोस्टमास्टर जनरल, म्हणजे टपाल खात्याचा मंत्री झाला. पत्रांसाठी पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग असे दोन दर ब्रिटनमध्ये त्याच वर्षी लागू झाले. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिलढ्याला त्याने उघड पाठिंबा दिला. २९ जुलै १९७१ रोजी बांगलादेशाची पहिली आठ टपाल तिकिटं निघाली. ती लंडनमध्ये बिमान मल्लिक यांनी तयार केली आणि त्यांना हे काम स्टोनहाउसनेच सांगितलं होतं. थोडक्यात, हा अडगळीतला माणूस नव्हता. त्याला चेहऱ्याने ओळखणारे लोक दोन-तीन खंडांत होते.

घरी पत्नी बार्बरा होत्या. लग्न १९४८ सालचं, मुलं तीन. नवरा पोहायला गेला आणि परतला नाही, एवढाच निरोप त्यांना मिळाला. तो बुडाला, अशीच त्यांची समजूत झाली. दुसरं काही मनात यावं असं तोवर त्यांच्यासमोर काहीच नव्हतं.

पण पाण्याचा स्वतःचा एक हिशेब असतो. बुडालेलं शरीर आधी तळाशी जातं. मग आत वायू साठतो आणि ते वर येतं. पाणी जितकं कोमट, तितकं हे लवकर घडतं. थंड सरोवरात यासाठी आठवडे लागू शकतात, मायामीच्या समुद्रात काही दिवस पुरतात. आता गल्फ स्ट्रीम हा जोरकस प्रवाह याच किनाऱ्याजवळून उत्तरेकडे जातो, त्यामुळे शरीर लांब वाहून जाण्याची शक्यता धरावीच लागते. तरीही दिवस उलटत गेले आणि किनाऱ्यावर काहीच लागलं नाही. कपडे होते, माणूस नव्हता. ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत मृत्युलेख छापून आले आणि त्यांच्या मागोमाग शंकाही आल्या.

पहिली शंका विम्याची. त्याच वर्षी स्टोनहाउसच्या आयुष्यावर पाच पॉलिसी उतरवल्या होत्या, एकूण १,२५,००० पौंडांच्या. पैसे मिळायचे होते बार्बरा यांना. अशा वेळी लोकांची नजर आधी बायकोवर जाते, आणि इथेही ती गेली. खरं तर कायदा माहीत असलेल्या कुणालाही यात अडचण दिसली असती. मृतदेह नसेल तर इंग्लंडच्या कायद्यात माणूस मेला असं गृहीत धरायला साधारण सात वर्षं थांबावं लागतं. तोवर विमा कंपनी पैसे अडवून धरू शकते आणि पत्नीची स्थिती ना सवाष्ण, ना विधवा अशी राहते. समुद्र हा पुरावा न ठेवणारा मृत्यू म्हणून निवडला, तर त्याची किंमत मागे राहिलेल्या बाईने मोजायची असते. ही योजना आखणाऱ्याला एक तर हे कळलं नव्हतं, किंवा कळूनही त्याने ते बाजूला सारलं होतं.

दुसरी शंका हेरगिरीची. चेकोस्लोव्हाकियातून पळून आलेल्या एका गुप्तहेराने स्टोनहाउसचं नाव पूर्वीच घेतलेलं होतं. ती गोष्ट आता पुन्हा वर आली. १७ डिसेंबरला पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांना संसदेत निवेदन करावं लागलं, की या आरोपाची चौकशी झाली होती आणि पुरावा सापडला नव्हता.

(दृश्य: मेलबर्न. ट्रामचे रूळ. बँकेचा काउंटर, नोटा मोजणारे हात.)

आता पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न, त्याच सुमाराचे दिवस.

बँक ऑफ न्यूझीलंडच्या काउंटरवर एक नीटनेटका इंग्रज माणूस २१,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर रोख भरतो. कॅशिअर नोटा मोजतो, पावती देतो. नंतर हाच कॅशिअर त्या माणसाला बँक ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये पाहतो. एखाद्या माणसाची दोन बँकांत खाती असतात, त्यात काही नवल नाही. पण एवढी रोकड हातातून गेलेली असल्यामुळे कॅशिअरच्या मनात चेहरा ठसलेला आहे. तो चौकशी करतो. तिथे कळतं, की याच माणसाचे पैसे इथे दुसऱ्याच नावाने आहेत.

पोलिसांना कळवलं जातं.

ही जागा नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळा डाव इथेच फिसकटला. पैसे एका खोट्या नावाकडून दुसऱ्या खोट्या नावाकडे न्यायचे, म्हणजे माग तुटतो, असा बेत होता. हेच चेकने केलं असतं तर दोन्ही नावं एकाच कागदावर आली असती आणि ती जोडणी बँकेच्या दप्तरात कायमची राहिली असती. म्हणून रोख. रोख रकमेची कागदावर खूण राहत नाही हे खरं, पण ती माणसांच्या लक्षात राहते. चेक पुढे सरकवणाऱ्या शंभर जणांत आपण हरवून जातो. नोटांची पुडकी काढणारा दिवसातून एखादाच असतो. त्यात दोन्ही खाती एकाच शहरात. दोन नावांसाठी दोन शहरं निवडली असती, तर त्या कॅशिअरला तो पुन्हा कधी दिसलाच नसता.

पोलिसांनी पाळत ठेवली. हा माणूस ब्रिटिश वर्तमानपत्रं वाचत होता, आणि त्यांत बेपत्ता खासदाराबद्दल मजकूर असायचा. पण पोलिसांच्या डोक्यात आणखी एक नाव होतं. ७ नोव्हेंबरच्या रात्री लंडनमध्ये लॉर्ड लुकन या ब्रिटिश उमरावाच्या घरी मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा खून झाला होता आणि लुकन तेव्हापासून फरार होता. म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने दोन उच्चभ्रू इंग्रज गायब झाले होते. मेलबर्न पोलिसांनी स्कॉटलंड यार्डकडे दोघांचेही फोटो मागवले.

२४ डिसेंबर १९७४. नाताळच्या आदल्या दिवशी त्याला पकडलं. पहिला हुकूम मिळाला पँट खाली करण्याचा. लुकनच्या उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला सहा इंची जुना व्रण होता. या माणसाच्या मांडीवर व्रण नव्हता. तो लुकन नव्हता. तो जॉन स्टोनहाउस होता, चौतीस दिवसांपूर्वी समुद्रात बुडालेला.

(दृश्य: नोंदवह्यांची कपाटं. शाईने लिहिलेली नावं.)

पोहायला गेलेला माणूस मेलबर्नला पोचला कसा? विमानप्रवास हा यातला सर्वांत सोपा भाग. खरं काम कित्येक महिने आधी, इंग्लंडमध्ये, कागदांवर झालं होतं.

आधी नाव हवं. मनाने रचलेलं नाव चालत नाही, कारण त्याच्यामागे जन्माची नोंद नसते. म्हणून नाव खरं हवं, पण त्या नावाचा माणूस हयात नको. वय जवळपास आपल्याइतकं हवं. आणि त्याने कधी पासपोर्ट काढलेला नको. तसा असेल तर कार्यालयात जुनी फाइल निघते आणि तीत भलताच चेहरा असतो.

स्टोनहाउसने आपल्या मतदारसंघातल्या रुग्णालयाला फोन केला. तरुण विधवांना थोडी मदत द्यायची आहे असं सांगून, अलीकडेच वारलेल्या पुरुषांची माहिती काढली. मग दोन घरी तो स्वतः गेला. समोर दुःखातली बाई. आपला खासदार विचारपूस करायला आला, याचं तिला बरंच वाटलं असणार. विधवांच्या पेन्शनबद्दल बोलणं झालं. त्या ओघात त्याने विचारून घेतलं, की यजमान कधी परदेशी गेले होते का. उत्तर नाही असं आलं. त्याला हवं होतं ते तेवढंच.

या संपूर्ण प्रकरणात आम्हाला सर्वांत क्रूर वाटतं ते हेच. बँका, विमा, संसद यांची फसवणूक एका बाजूला, आणि त्या दोन घरांतला तो प्रश्न एका बाजूला. त्या मृतांची नावं या माहितीपटात आम्ही मुद्दाम घेत नाही. ती त्यांच्या घरच्यांची आहेत.

पुढचं सरळ होतं. इंग्लंडमध्ये जन्माच्या नोंदी सार्वजनिक असतात. शुल्क भरलं की कुणीही कुणाच्याही जन्मदाखल्याची प्रत मागू शकतो. मृत्यूच्या नोंदी वेगळ्या वह्यांत. जन्माच्या नोंदीसमोर "हा माणूस वारला" अशी खूण त्या काळी कुणी करत नसे, आणि पासपोर्ट कार्यालयही दोन वह्या ताडून बघत नसे. त्यामुळे मेलेल्या माणसाचा जन्मदाखला जिवंत माणसाच्या दाखल्याइतकाच चालायचा.

राहिली एक अट. फोटोच्या मागे एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीने "हा याच अर्जदाराचा फोटो आहे" असं लिहून सही करायची असे. तेव्हा डॉक्टर चालायचा, खासदारही चालायचा. स्टोनहाउसने एका सहकारी खासदाराची खोटी सही केली. हा सहकारी कर्करोगाने अत्यवस्थ होता आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारला. विचारायला कुणी गेलं असतं, तरी उत्तर द्यायला तो नव्हता.

अशा रीतीने पहिल्या नावाचा पासपोर्ट हाती आला. त्या नावाने बँकेत खाती उघडली, आणि स्वतःच्याच निर्यात कंपनीचा पैसा हळूहळू तिकडे वळवला. दुसऱ्या नावाचा फक्त जन्मदाखला काढला, पासपोर्ट काढलाच नाही. यामागे विचार होता. पहिलं नाव प्रवासासाठी, म्हणजे सीमेवरच्या शिक्क्यांसाठी. ऑस्ट्रेलियात पोचलं की पहिल्या नावाचा माणूस विरून जाणार आणि दुसऱ्या नावाचा माणूस तिथे राहू लागणार. बेत कागदावर चांगला होता. पण पहिल्याकडून दुसऱ्याकडे पैसे नेण्यासाठी दोघांचाही चेहरा एकच लागत होता.

आता कारण. बांगलादेशाशी असलेल्या नात्याच्या आधाराने त्याने १९७२ मध्ये लंडनमध्ये एक वित्तसंस्था काढली होती. भागभांडवल अपेक्षेइतकं जमलं नाही. तूट दिसू नये म्हणून आपल्याच कंपन्यांतून कर्जं फिरवली गेली, आणि त्यांना हमी स्वतःची. वर्तमानपत्रांनी आणि सरकारी खात्याने हिशेब विचारायला सुरुवात केल्यावर दोर आवळत गेला. शिवाय त्याचे आपल्या सेक्रेटरीशी संबंध होते. मायामीहून निघून सॅन फ्रान्सिस्को, होनोलुलू करत तो ऑस्ट्रेलियाला पोचला, आणि तिथे गप्प बसण्याऐवजी तिला भेटायला थेट कोपनहेगनला जाऊन परत आला. खोट्या पासपोर्टवर एवढ्या सीमा ओलांडणं हा निव्वळ जुगार होता. त्यात तो पकडला गेला नाही, एवढंच.

(दृश्य: टेलिफोनचा रिसीव्हर. पार्श्वसंगीत नाही.)

अटकेनंतर त्याने पोलीस स्टेशनवरून घरी फोन केला. बार्बरा यांनी तो आवाज ऐकला तेव्हा पाच आठवड्यांचा शोक झालेला होता. त्याने फसवल्याचं कबूल केलं, क्षमा मागितली, आणि एका परीने हे संपलं याचं बरं वाटतं, असंही सांगितलं. मग मेलबर्नला निघून ये म्हणाला. जमलं तर सेक्रेटरीलाही सोबत घेऊन ये म्हणाला.

बार्बरा गेल्या.

ब्रिटनला परत नेईपर्यंत १९७५ चा जुलै उजाडला. तोवर आणि त्यानंतरही तो खासदारच होता. ऑक्टोबर १९७५ मध्ये त्याने संसदेत आपली बाजू मांडली. मन कोलमडलं होतं आणि जुन्या ओझ्यातून सुटण्यासाठी आत एक समांतर व्यक्तिमत्त्व तयार झालं होतं, असा तिचा सारांश. मनावरचा ताण खरा असेलही. पण रुग्णालयाला केलेला फोन, दोन घरांच्या भेटी, दाखले, खोटी सही, खाती हा क्रम महिनोन् महिने चालला होता, आणि त्याच काळात संसदेत त्याची ये-जा सुरू होती. ज्यूरीलाही ते स्पष्टीकरण पटलं नाही. खटला ६८ दिवस चालला, आपलं वकीलपत्र त्याने स्वतःच चालवलं. ६ ऑगस्ट १९७६ रोजी फसवणूक, चोरी आणि बनावट कागदपत्रांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर कुठे त्याने खासदारकी सोडली.

१९७८ मध्ये घटस्फोट झाला. हृदयाच्या दुखण्यामुळे १९७९ च्या ऑगस्टमध्ये तो मुदतीआधी सुटला, आणि १९८१ मध्ये त्याने त्याच सेक्रेटरीशी लग्न केलं. २५ मार्च १९८८ रोजी बर्मिंगहॅममध्ये बेपत्ता माणसांवरच्या एका टीव्ही कार्यक्रमाच्या वेळी तो कोसळला, आणि १४ एप्रिलला हृदयविकाराने गेला. वय ६२.

हेरगिरीचा धागा मात्र तिथे संपला नाही. २०१० च्या अखेरीस जुनी सरकारी कागदपत्रं खुली झाली. त्यांवरून कळलं, की १९८० मध्ये आणखी एका चेक गुप्तहेराकडून माहिती आली होती. स्टोनहाउस चेकोस्लोव्हाकियाचा एजंट होता असं तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानलं, पण न्यायालयात टिकेल असा पुरावा नसल्यामुळे खटला भरला नाही आणि गोष्ट जाहीरही केली नाही. त्याची मुलगी हा आरोप मान्य करत नाही. चेक गुप्तहेरांनी वर बढाया मारायला कागद रंगवले, असं तिचं म्हणणं आहे.

(दृश्य: पुन्हा तोच किनारा. वाळू रिकामी.)