मेळघाटातली कोंबडी जगली पाहिजे

(दृश्य: भल्या सकाळी कोरकू गाव, खुराडी अजून बंद)

हे मेळघाट. अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. कोरकूंचं गाव कसं असतं ते आधी नीट बघा, समोरासमोर घरांच्या दोन लांब ओळी आणि मधून एकच रुंद रस्ता, तेच सगळ्यांचं अंगण. खुराडी उघडली की अख्ख्या गावाच्या कोंबड्या ह्याच रस्त्यावर चरत फिरतात आणि कुठली कुणाची ते फक्त घरच्या बाईला ओळखू येतं.

मेळघाट म्हटलं की कुपोषणाची बातमी, ती 1990 च्या दशकापासून येतेय. मग कुणीतरी पिल्लं वाटतं, शेळ्या वाटतं, फोटो निघतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यातली किती जगली हे विचारायला सहसा कोणी फिरकत नाही. खरं काम तिथूनच सुरू होतं हो.

गावरान कोंबडी वर्षाला साधारण 50-60 अंडी देते. अधूनमधून खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते, 21 दिवस बसली की पिल्लं बाहेर येतात, आणि मग घार, मुंगूस, रानमांजर, पहिला मोठा पाऊस, ह्यांच्या तावडीतून जी वाचतील ती वाचतील. त्यासाठी काही फार मोठं लागत नाही, पिल्लं पहिले काही आठवडे टोपलीखाली डालून ठेवायची, रात्री जमिनीपासून उंच, पक्कं खुराडं, थोडी कणी, प्यायला स्वच्छ पाणी. पण राणीखेत, म्हणजे कोंबड्यांचा साथीचा रोग, आला की ह्यातलं काहीच कामाला येत नाही. मान वाकडी होते, हिरवट-पांढरी हगवण लागते आणि बघता बघता खुराडं रिकामं.

ह्यावर लस आहे. लासोटा. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात एक थेंब, पुढे परत एकदा, आणि दोन महिन्यांची झाली की पंखाखाली आर-टू-बी ह्या त्याच रोगाच्या दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. महागही नाही. अडतं कुठे ते सांगतो, लसीची एक बाटली किमान 100 कोंबड्यांची येते, ती थंडच ठेवावी लागते, आणि एकदा फोडली की एक-दोन तासांत संपवायची, उरलेली फेकून द्यायची. जिच्या घरी आठच कोंबड्या आहेत ती एकटी ही बाटली का आणेल? आणि समजा आणलीच, तरी शेजारच्या घरात रोग आला की तो ह्याच रस्त्यावर सगळीकडे पसरणार. म्हणून हे अख्ख्या गावानं मिळून करायचं काम आहे, एकेका घराला पिल्लं देऊन होणारं नाही.

(दृश्य: बर्फाचा थर्मास, दोघी बायका, एकीच्या काखेत कोंबडी)

हे बघा, जवळून. गावातलीच बाई, पशुसखीचं, म्हणजे गावातल्या जनावरांची प्राथमिक काळजी घेण्याचं, ट्रेनिंग घेतलेली. खुराडं उघडायच्या आधी यायचं, कारण एकदा कोंबड्या सुटल्या की धरता धरता दुपार होते. एकीनं कोंबडी धरायची, दुसरीनं थेंब टाकायचा, आणि कोंबडीनं डोळा मिटून उघडेपर्यंत सोडायची नाही, नाहीतर थेंब गालावरून ओघळून जातो. ह्या कामाचे कोंबडीमागे थोडे पैसे पशुसखीला मिळालेच पाहिजेत, सेवा म्हणून किती दिवस करेल ती?

शेळ्यांचं काय, असं विचाराल. शेळी पैसा चांगला देते, दवाखाना निघाला, लग्न निघालं की बोकड विकता येतो. पण शेळीला चराई लागते आणि इथं आजूबाजूला व्याघ्रप्रकल्पाचं जंगल, चराईवर बंधनं, त्यात बिबट्याची भीती. भूमिहीन घरासाठी कोंबडीच आधी, असं आमचं स्पष्ट मत आहे. वनराजा, गिरिराज ह्या कोंबडीच्या सुधारित जाती अंडी जास्त देतात पण खुडूक फारशा बसत नाहीत, म्हणून त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली बसवायची.

आता पोषणाचं. कोंबड्या वाढल्या म्हणजे पोरांच्या ताटात अंडं आलंच असं नसतं, घरात तेल-मीठ संपलेलं असताना अंडं बाजारातच जाणार, आणि त्यात त्या आईचं काही चुकत नाही. म्हणून अंगणवाडीनं ही अंडी गावातूनच विकत घ्यावीत. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना 2015 पासून आहे, त्यात आदिवासी भागातल्या 7 महिने ते 6 वर्षांच्या मुलांना आठवड्यातून 4 दिवस अंडी किंवा केळी द्यायची तरतूद आहे. 30 पोरांची अंगणवाडी धरली तर आठवड्याला 120 अंडी झाली. ती शहरातून गाडीनं घाट चढून का यावीत? इथल्याच बायकांकडून घेतली तर पोराला अंडं मिळेल आणि आईच्या हातात पैसेही येतील.

लसीची पुढची फेरी होळीला. दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडलेली बरीच घरं तेव्हा परत आलेली असतात, नवी पिल्लं निघालेली असतात आणि उन्हाळ्यातली मर सुरू व्हायला थोडेच दिवस उरलेले असतात.