हॅम्पस्टेडच्या बाईंचं पाणी

मंडळी, सुरुवातीलाच एक विधान करतो. दूषित पाण्यातून कॉलरा पसरतो. कुणाची भुवईसुद्धा हलली नाही! आता तेच दुसऱ्या टोकाकडून सांगून बघतो.

साल १८५४, ऑगस्टची अखेर. लंडनच्या सोहो भागात, ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास माणसं पटापट मरायला लागली. तिथून काही मैलांवर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई राहत होत्या. त्यांच्या भागात साथीचा मागमूस नव्हता आणि ब्रॉड स्ट्रीटकडे त्या कित्येक महिन्यांत फिरकल्याही नव्हत्या. तरी २ सप्टेंबरला त्या कॉलराने गेल्या. त्यांच्याकडे येऊन गेलेली नात्यातली एक स्त्री इझ्लिंग्टनला परतली आणि तीही गेली. तिथेही साथ नव्हती.

त्या काळी बहुतेक डॉक्टर मानायचे की रोग घाणेरड्या हवेतून येतो. मग ही हवा मधली सगळी वस्ती सोडून नेमकी याच घरात कशी शिरली?

आता बघा, तुम्ही जरा पुढे सरकून बसलात. साथीचा शोध घेणाऱ्या लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी बाईंच्या मुलाकडे चौकशी केली. ब्रॉड स्ट्रीटहून रोज एक गाडी हॅम्पस्टेडकडे जायची. बाईंना तिथल्या रस्त्यावरच्या हातपंपाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून त्या गाडीतून त्यांच्यासाठी एक मोठी बाटली यायची. आलेलं पाणी दोघींनीही प्यायलं होतं. उलट पंपाच्या अगदी जवळच्या दारूभट्टीत सत्तरहून जास्त कामगार होते, पण तिथे कुणालाही जबर कॉलरा झाला नाही. त्यांना रोज बिअर मिळायची आणि मालकाच्या सांगण्यानुसार ते पंपाचं पाणी पीतच नसत.

लांबची बाई मरते, जवळचे कामगार वाचतात. हे दोन अपवाद शेजारी ठेवले की हवेचा सिद्धांत आपोआप डुगडुगायला लागतो. या वेळी मी तुम्हाला निष्कर्ष दिलाच नाही, फक्त कोडं दिलं. माझ्या मते गोष्टीची ताकद इथे आहे. लोक समजतात, गोष्ट म्हणजे कडू गोळीवरचं साखरेचं वेष्टण: आधी अवघड मुद्दा सांगायचा, मग त्यावर एखादा किस्सा चिकटवायचा. असा किस्सा लक्षात राहतो आणि मुद्दा विसरला जातो! ज्या प्रश्नातून तो मुद्दा जन्माला आला, तो प्रश्न ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधी टोचायला हवा. कोणत्या तपशिलाने टोचेल, ते शोधण्यातच सगळी मेहनत आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर कुठल्या घरात किती माणसं गेली ते दाखवणाऱ्या स्नो यांच्या त्या प्रसिद्ध नकाशापेक्षा ही एक बाटली जास्त बोलते.

आता माझी एक चूक. ही गोष्ट मी बरीच वर्षं अशी संपवायचो: कुणी पाणी काढू नये म्हणून ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली. टाळ्या ठरलेल्या! पण साथ त्याआधीच ओसरायला लागली होती, कारण माणसं घरं सोडून पळाली होती. हे खुद्द स्नो यांनीच लिहून ठेवलंय. दांड्याला नायक करणारा मी. गोष्टीला शेवट हवा असतो आणि त्या हव्यासापायी कारण आपण खुशाल बदलतो. ऐकणाऱ्याला पटतं, पण चुकीचं पटतं. म्हणून हल्ली गोष्ट जिथे सर्वांत गुळगुळीत वाटते, तिथेच मी परत तपासतो.

दांड्याचं खरं सांगायला लागल्यावर टाळ्या गेल्या. त्याऐवजी एकदा मागच्या रांगेतून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, पण मग मुळात ते पाणी घाण झालं कशाने?"

तेव्हा मला हेन्री व्हाइटहेड यांच्याकडे वळता आलं. हे त्याच भागातले धर्मोपदेशक, साथ पंपाच्या पाण्यातून पसरली हे स्नो यांचं म्हणणं चूक आहे अशी आधी त्यांची खात्री होती. ते घरोघर विचारत फिरले आणि पोहोचले ४०, ब्रॉड स्ट्रीटला. तिथे साथीच्या सुरुवातीलाच एक तान्हं बाळ जुलाबाने गेलं होतं. आईने त्याचे लंगोट धुतलेलं पाणी घराच्या शोषखड्ड्यात ओतलं होतं. त्या खड्ड्यापासून पंपाची विहीर काही फुटांवर होती.