नागपूरचं ऊन आणि टमाटरावरची जाळी

(दृश्य: मे महिना, दुपारचे चार. वाफ्यावर हिरवी जाळी ताणलेली, झाडं मात्र लख्ख उन्हात.)

हा वाफा नीट बघा. डोक्यावर जाळी आहे, पण तिची सावली टमाटरावर नाही, बाजूच्या रिकाम्या मातीवर पडली आहे. नागपुरात उन्हाळी टमाटर भाजतं ते बहुतेक वेळा असंच. जाळी असते, पण चुकीच्या जागी.

२६ मेच्या सुमारास नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी बारा-दहाला उभ्या काठीची सावली दिसत नाही. तेव्हा वरची आडवी जाळी पुरते. पण चार वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३६ अंशांवर उतरलेला असतो, तोही पश्चिमेहून किंचित उत्तरेला. झाडाच्या शेंड्यापासून जाळी तीन फूट वर असेल, तर सावली चार फूट पूर्वेला सरकते. म्हणजे चार फुटी वाफा अख्खा उघडा पडतो. आणि दिवसातली हवा सगळ्यात तापलेली असते ती नेमकी याच तासांत.

(दृश्य: फळाच्या एका बाजूला पांढरट, कागदासारखा डाग.)

हा उन्हाचा चट्टा. थेट उन्हात फळाची साल हवेपेक्षा बरीच जास्त तापते, आतल्या पेशी मरतात, डाग खोलगट होतो आणि मग त्यावर काळी बुरशी धरते. पश्चिमेकडची पानं छाटलेल्या झाडावर असे चट्टे जास्त दिसतात. म्हणून मार्चनंतर टमाटराची पानं विरळ करू नका.

जाळीकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हेही स्पष्ट असू द्या. जाळी म्हणजे कूलर नव्हे. ती ऊन अडवते. पान आणि फळ कमी तापतं, माती लवकर सुकत नाही. हवा मात्र फारशी थंड होत नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही गरम राहिली, की परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. मेमधलं फूल जाळीखालीही बहुधा टिकणार नाही. जाळी लावायची ती मार्चपर्यंत धरलेली फळं आणि झाडाचा जीव वाचवायला.

(दृश्य: दुकानात जाळीचे रोल.)

दुकानात ३५, ५०, ७५, ९० असे आकडे सांगतात. तेवढे टक्के ऊन ती जाळी अडवते. टमाटरासाठी ३५ किंवा ५०. दिवसभर कायम ताणून ठेवणार असाल तर ३५. सकाळी दहापर्यंत उघडी ठेवून मग ओढणार असाल तर ५०. ७५ ची जाळी गाडी उभी करायला ठीक, टमाटर तिच्याखाली उंच, लेचंपेचं होतं. घरात ५० ची पडून आहे म्हणून दोन पदर घालू नका. पहिला पदर निम्मं ऊन अडवतो, दुसरा उरलेल्याचं निम्मं, म्हणजे एकूण ७५ टक्के.

रंगात आमची पसंती पांढऱ्याला: ती कमी तापते आणि उजेड पसरवून आत सोडते. पण हिरवी सहज मिळते आणि चालते. मात्र ऊन सोसणारी, यूव्ही प्रक्रिया केलेलीच घ्या. साधी जाळी लवकर कडक होऊन बोटाने फाटते.

(दृश्य: सब्बलीने खड्डा खणताना.)

आता मांडणी. वाफा दहा बाय चार फूट, लांबी उत्तर-दक्षिण. बांबू सहा, प्रत्येकी नऊ फुटी. दोन फूट जमिनीत, सात फूट वर. वाफ्याच्या पूर्वेला एक फूट सोडून तीन, पश्चिमेला एक फूट सोडून तीन, दोन बांबूंमध्ये सहा फूट. खड्ड्यात काळी माती परत भरू नका. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात आणि बांबू डोलायला लागतो. दगड आणि मुरूम घालून ठोका. गच्चीवर असाल तर वीस लिटरच्या बादलीत काँक्रीट भरून पाइप उभा करा आणि वरून कठड्यालाही बांधा.

माथ्यावर १२ गेजची तार ओढा. तीन मीटर रुंदीच्या जाळीचा बारा फूट तुकडा घ्या. साधारण दहा फूट रुंदीपैकी सहा फूट माथ्यावर आडवी जाते. उरलेली चार फूट पश्चिमेला पडद्यासारखी खाली सोडा. पडद्याखाली तीन फूट मोकळे राहू द्या. त्यामुळे चार वाजताही खालचे दोन-सव्वादोन फूट सोडले तर पश्चिमेकडचं झाड सावलीत राहतं, आणि वारा खेळतो. चारही बाजू बंद केल्या तर आत भट्टी होते, मधमाशीही येत नाही.

कडा दुमडून दुहेरी करा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा. सुतळी उन्हाने कुजते, तारेने जाळी चिरते. ट्यूब वाऱ्याबरोबर थोडी ताणते. पडद्याला सरकगाठ मारा. मेमधलं वावधन, म्हणजे वादळी वारा, संध्याकाळी अचानक उठतं, आणि ताणलेली जाळी शिडासारखी फुगून बांबूंसकट उखडते. आभाळ काळवंडलं की जाळी गुंडाळायची.

(दृश्य: बुंध्याभोवती तणस, म्हणजे भाताचा पेंढा.)

जाळी लागली की पाण्याची सवयही बदला. माती कमी सुकते. जुन्याच मापाने पाणी दिलं तर मुळं सडतात आणि फळं तडकतात. बोट दोन इंच मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी. नळीतलं दुपारचं पाणी चहासारखं तापलेलं असतं. तीन इंच तणस पसरा, बुंध्याला चिकटू देऊ नका.

दुपारी पानं वर वळून संध्याकाळी उघडली, तर ते ऊन. सकाळीही आखडलेली, बारीक, पिवळी राहिली, तर तो पर्णगुच्छ, पांढऱ्या माशीने आणलेला विषाणूचा रोग. या जाळीच्या छिद्रांतून माशी आरामात येते. ते झाड उपटून टाका.

फळ लाल होण्याची वाट झाडावर पाहू नका. तीसेक अंशांपुढे लाल रंगद्रव्य तयार व्हायचं मंदावतं, म्हणून मेमधलं टमाटर पिवळट-नारिंगी राहतं. बुडाशी गुलाबी झाक आली की तोडा आणि घरात सावलीत पिकवा.

(दृश्य: जून. ढगाळ संध्याकाळ.)

जूनच्या मध्यावर पाऊस लागला की जाळी काढा, नाहीतर ओलाव्याने करपा येतो. पण एकदम नको. सावलीला सरावलेलं पान लख्ख उन्हात एका दुपारीत जळतं. आधी पडदा वर करा, चार दिवसांनी ढगाळ संध्याकाळी माथा उघडा. जाळी धुऊन, पूर्ण वाळवून, गुंडाळून उंचावर टांगा; जमिनीवर ठेवलेल्या गुंडाळीत उंदीर घर करतात.