रशियनचा सराव आणि यंत्राचा कान

श्रोतेहो, नमस्कार. रशियन शिकवताना कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त तिच्याकडे कोणतं काम द्यायचं, हे आधी ठरवा.

विभक्तीचा सराव खुशाल द्या. रशियनमध्ये सहा विभक्ती आणि तीन लिंगं आहेत, त्यामुळे मराठी माणूस बिचकत नाही. तो अडतो संख्येपाशी, कारण संख्येप्रमाणे नामाचं रूप बदलतं. रशियन चलनाचं, रुबलचंच बघा. एक, 'रूब्ल'. दोन, तीन, चार, 'रुब्ल्या'. पाचपासून 'रुब्ल्येय'. एकवीसला पुन्हा 'रूब्ल', पण अकरा ते चौदा मात्र पाचाच्याच पंगतीत! तेव्हा सूचना नेमकी द्या: बाजारातली खरेदी, 1 ते 25 मधल्या संख्या, दहा वाक्यं, उत्तरं शेवटी वेगळी. 'टॉर्फल' या रशियन भाषेच्या परीक्षेच्या ए-वन, म्हणजे प्राथमिक, पातळीला साधारण 780 शब्द लागतात. पण नुसतं 'ए-वन' म्हटलं, तर अवघड शब्द हटकून घुसतात. झालेल्या धड्यांची शब्दयादीच सोबत द्या.

निबंध तपासायला दिलात, तर यंत्र सगळंच सुधारून गुळगुळीत करतं आणि विद्यार्थी ते नुसतं उतरवून काढतो. म्हणून सांगा: फक्त विभक्तीच्या चुका अधोरेखित कर, उत्तर देऊ नकोस, दोन प्रयत्नांनंतरच दे.

उच्चारांचं काम मात्र यंत्रावर सोडू नका. रशियनमध्ये आघात, म्हणजे उच्चारातला जोर, कोणत्याही अक्षरावर पडतो आणि छापील मजकुरात तो दाखवत नाहीत. 'ज़ामक' म्हणजे किल्ला, 'ज़मोक' म्हणजे कुलूप. लिहायचं दोन्ही सारखंच. विद्यार्थी यातलं काहीही बोलला, तरी बोललेलं लिहून देणारं साधन पडद्यावर तीच अक्षरं उमटवतं. विद्यार्थ्याला वाटतं, जमलं! शिवाय ही साधनं संदर्भावरून अंदाज बांधतात, त्यामुळे अर्धवट उच्चारही शुद्ध होऊन दिसतो. उच्चार तपासायला शिक्षकाचाच कान हवा. विद्यार्थ्याला घरी मूळ भाषकाच्या ध्वनिमुद्रणाशी आपलं ताडून पाहू द्या.

आघात रूपागणिक सरकतोही. हात म्हणजे 'रुका', आघात शेवटी. कर्म झाला की 'रूकु', आघात सुरुवातीला. यंत्राकडून आघातचिन्हांसह पाठ मागा, पण प्रत्येक चिन्ह उच्चारकोशात पडताळा. नेहमीच्या छपाईत 'यो' या अक्षरावरचे दोन ठिपके गाळतात. ते पाठात लिहायला सांगा. ठिपके दिसले, की आघात जवळजवळ नेहमी तिथेच असतो.